सत्तेचा धुरा : फिलाडेल्फिया ते भंडारा

राजा नको, हे अमेरिकेतील तेरा वसाहतींनी १७७६ सालीच ठरवले होते. १७८७च्या मे ते सप्टेंबर या काळात त्यांचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात राज्यघटना लिहायला बसले, तेव्हा प्रश्न त्यापुढचा होता. राजाच्या जागी लोकांनी निवडलेले सरकार येईल. पण त्या सरकाराला आणि त्यामागच्या बहुमताला आवरणार कोण?

आमच्या दिघोरीकडे धानाच्या दोन बांध्यांमध्ये धुरा असतो. कागदावर तो सरळ असतो. पण दरवर्षी नांगरताना वीतभर धुरा कोरणारा शेजारी कोणत्या गावाला नाही? राज्यघटना हाही सत्तेभोवती घातलेला धुराच आहे. तो टिकावा कसा, याचा सर्वांत खोल विचार त्या पिढीत जेम्स मॅडिसन यांनी केला.

त्यांचे पहिले उत्तर व्यवस्थेचे होते. कायदा करणारे, राबवणारे आणि न्याय देणारे वेगळे ठेवावेत, म्हणजे एकाची हाव दुसरा रोखील. २२ नोव्हेंबर १७८७ रोजी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला : लहान समाजात एक गट सहज बहुमत जमवतो आणि इतरांना दडपतो, मोठ्या प्रजासत्ताकात हितसंबंध इतके असतात की तसे करणे अवघड जाते. पण हेच मॅडिसन १७८८ साली व्हर्जिनियाच्या सभेत म्हणाले की, लोकांच्या अंगी सद्‌गुणच नसेल तर कोणतीही राज्यरचना त्यांना वाचवू शकणार नाही. व्यवस्था हवीच, पण ती पुरेशी नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे नाव आजही घेतले जाते ते युद्ध जिंकल्यामुळे जितके, तितकेच २३ डिसेंबर १७८३ रोजी सेनापतिपद परत केल्यामुळे. घेता आली असती ती सत्ता त्यांनी घेतली नाही.

या आदर्शांना एक मोठे भगदाड होते. स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या अनेकांकडे गुलाम होते. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची गणना तीनपंचमांश धरावी, असे त्या घटनेतच लिहिले होते. महाराष्ट्रात हे भगदाड अचूक ओळखले ते जोतीराव फुले यांनी. टॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरचे पुस्तक त्यांनी तरुणपणीच वाचले होते. पण १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करताना त्यांनी अर्पणपत्रिका लिहिली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना उद्देशून. ही निवड मला फार महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्य जाहीर करणाऱ्यांपेक्षा, वगळलेल्यांपर्यंत ते नेणाऱ्यांचा मान त्यांनी मोठा मानला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना त्यांनी घटनात्मक नीतिमत्तेचा मुद्दा काढला : ती उपजत नसते, अंगी बाणवावी लागते. त्याच भाषणात त्यांनी खेड्याला राज्याचा पाया मानायला नकार दिला आणि व्यक्तीला घटक मानले. गावाची मूठ एकट्या माणसाभोवती किती घट्ट आवळली जाते, हे त्यांनी भोगले होते. मॅडिसन लहान समाजाबद्दल जे तर्काने सांगत होते, ते आंबेडकर अनुभवाने सांगत होते.

ही नीतिमत्ता कसाला लागली ती आमच्या जिल्ह्यात. मे १९५४मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यात होता. मतदारसंघ द्विसदस्य होता : एक जागा राखीव, एक सर्वसाधारण. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. आधी राखीव जागा अनुसूचित जातींच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते घेणाऱ्याला मिळे. मग उरलेल्यांत जो पुढे, तो कोणत्याही जातीचा असो, दुसरी जागा त्याची. त्यामुळे दुसरे मत कोणालाच न देण्याला मोल होते. समोरच्याची मते घटली की आपला माणूस दुसऱ्या जागेवरही येऊ शकत असे. याला आपल्याकडे मते कुजवणे म्हणत.

या निवडणुकीच्या आठवणींत एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवण्याचा सल्ला दिला आणि बाबासाहेबांनी तो धुडकावला. ज्याने घटना घडवली त्यानेच मतदाराला मत वाया घालवायला सांगायचे, हे त्यांना मान्य नव्हते. त्यापेक्षा हरणे बरे. निकालात राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांना मिळाली. बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले.

मते कुजवणे बेकायदा नव्हते, हे लक्षात ठेवले पाहिजे. मत न देण्याचा हक्क मतदाराला होताच. द्विसदस्य मतदारसंघ १९६१च्या कायद्याने बंद झाले, तेव्हा ती पळवाटही संपली. पण नागरी सद्‌गुणाची कसोटी बेकायदा गोष्टींपाशी लागतच नाही. तिथे पोलीस आणि न्यायालय असते. ती लागते कायद्याने परवानगी दिलेली, फायद्याची, तरीही नियमाचा हेतू पोखरणारी वाट समोर असते तेव्हा. तिथे धुऱ्यावर दुसरा राखणदार नसतो.

१९५४च्या त्या निकालाची नोंद बहुतेक जण एक पराभव म्हणून करतात. मला वाटते, पडलेल्या मतांच्या आकड्याशेजारी न कुजवलेल्या मतांचीही एक ओळ आपल्या जिल्ह्याने लिहून ठेवावी.