दुभत्या जनावराचा विमा : हप्त्याचा हिशेब लिटरमागे मांडा

सरकी पेंडेचे पोते पन्नास रुपयांनी महागले तर दूध उत्पादकाला ते त्याच दिवशी कळते. कडबा शेकडा काय भावाने गेला, हेही त्याला तोंडपाठ असते. पण गाईच्या विम्याला किती पैसे गेले असे विचारले, तर ‘बँकेनं कापून घेतलं, किती ते बघितलं नाही’ असे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळते. दोन-चार गाई-म्हशींवर घर चालवणाऱ्यासाठी ती जनावरेच धंद्याचे भांडवल आहेत. त्या भांडवलाच्या राखणीला काय खर्च येतो, हे माहीत असायलाच हवे.

हप्ता कसा ठरतो?

हिशेब साधा आहे. जनावराची विमा किंमत गुणिले शेकडा दर, म्हणजे हप्ता. समजा गाईची किंमत ७० हजार आणि दर वर्षाला शेकडा ४ आहे. हप्ता झाला २,८०० रुपये. (प्रत्यक्ष दर कंपनी, योजना व मुदतीप्रमाणे बदलतो. तो विचारून घ्यावा.) किंमत ठरवताना जनावराची जात, वय, वेत आणि दूध पाहिले जाते.

आता हा खर्च दुधावर टाकून पाहू. गाय दिवसाला सरासरी १० लिटरप्रमाणे ३०० दिवस दूध देत असेल, तर वर्षाचे ३,००० लिटर झाले. २,८०० रुपये त्यावर वाटले तर लिटरमागे ९३ पैसे पडतात. एकदम भरताना जड वाटणारा आकडा असा फोडून पाहिला की त्याची खरी किंमत समजते.

सरकारी वाटा मिळाला तर

राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या पशुधन विम्यात केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बदल केले. शेतकऱ्याचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. उरलेला भाग केंद्र व राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात उचलायचा. पूर्वी एका पशुपालकाच्या ५ मोठ्या जनावरांपर्यंत लाभ होता, तो १० पर्यंत नेला. शेळ्या-मेंढ्या १० म्हणजे एक मोठे जनावर, म्हणून त्यांची मर्यादा १०० झाली.

वरच्या उदाहरणात १५ टक्के म्हणजे ४२० रुपये. लिटरमागे १४ पैसे! मात्र निधी व उद्दिष्ट आहे का, याची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी करावी.

‘गाय मेली नाही तर पैसे बुडाले’

ही तक्रार नेहमीची. शेकडा ४ दर म्हणजे २५ जनावरांच्या हप्त्यातून एका जनावराची भरपाई उभी राहते. ज्याच्या गोठ्यात ५० जनावरे आहेत, तो एखादे दगावले तर सोसेल. ज्याच्या दोन गाई आहेत, त्याचा निम्मा धंदा एका रात्रीत जातो आणि कर्जाचा हप्ता मागे राहतो. म्हणून विम्याची गरज लहान माणसाला जास्त.

२०२२ साली लम्पी आला तेव्हा राज्य सरकारने दगावलेल्या दुभत्या जनावरामागे ३० हजार रुपये मदत दिली. ७० हजारांची गाय त्यात परत येत नाही. मदत आणि भरपाई यांत हाच फरक आहे.

स्वस्त हप्ता महागात पडतो

हप्ता वाचवायला काहीजण ७० हजारांची गाय ४० हजारांची लिहितात. पूर्ण दराने त्यात १,२०० रुपये वाचतात, सरकारी वाट्यासह फक्त १८०. पण गाय गेली तर ३० हजारांवर पाणी सोडावे लागते. उलट किंमत फुगवूनही फायदा नाही. बऱ्याच पॉलिसींत मृत्यूवेळची बाजारातील किंमत आणि विमा किंमत यांत जी कमी ती मिळते.

गाय जगली पण दुधातून कायमची गेली, तर साध्या पॉलिसीत भरपाई असेलच असे नाही. कायमच्या अपंगत्वाचे संरक्षण बऱ्याचदा वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. एजंटाला हा प्रश्न आधीच विचारावा.

दावा कुठे अडतो?

हप्ता भरला पण पैसे मिळाले नाहीत, तर तो खर्च वायाच. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) कानातला बिल्ला सांभाळावा. बिल्ला नाही तर दावा नाही, हा या विम्याचा पहिला नियम. पडला तर लगेच कंपनीला लेखी कळवून नवा मारून घ्यावा. पॉलिसीवरचा नंबर बिल्ल्याशी ताडून पाहावा.

२) बँकेने विमा काढला असला तरी पॉलिसीची प्रत मागून घरी ठेवावी. कर्ज चार-पाच वर्षांचे आणि विमा एकाच वर्षाचा, असे अनेकदा असते. मुदत कधी संपते ते दिनदर्शिकेवर लिहावे.

३) हप्ता जमा झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही. बहुतेक पॉलिसींत पहिले १५ दिवस रोगाने मृत्यू झाल्यास भरपाई नसते. साथ गावात आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

४) लसीकरणाची नोंद ठेवावी.

५) जनावर दगावले तर त्याच दिवशी कंपनीला कळवावे. शवविच्छेदन व फोटो झाल्याशिवाय पुरू नये.

६) विकत घेतलेल्या जनावराचा विमा आपल्या नावावर करून घ्यावा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागावे. कंपनीकडे तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. पुणे व मुंबईत कार्यालये आहेत, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

गावाने काय करावे?

ग्रामपंचायत अधिकारी आणि दूध संस्थेच्या सचिवांनी मिळून एक वही घालावी. त्यात मालकाचे नाव, बिल्ला नंबर, विमा किंमत आणि मुदत संपण्याची तारीख असावी. मुदतीच्या महिनाभर आधी ती यादी संस्थेच्या फळ्यावर लावावी. संस्थेने दर दहा दिवसांच्या बिलातून थोडी थोडी रक्कम बाजूला ठेवली, तर वर्षाचा हप्ता एकदम अंगावर येत नाही. ४२० रुपयांसाठी दर बिलाला बारा रुपयेसुद्धा पुरतात.