फटाक्यांच्या दिवसांत दुभत्या जनावरांची व राखणीच्या कुत्र्याची काळजी

डोंबिवलीच्या आसपासच्या मानपाडा, निळजे, भोपर यांसारख्या गावांत शेताला लागून इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे दिवाळीत शहरातल्या फटाक्यांचा आवाज थेट गोठ्यापर्यंत येतो. ज्या दिवसांत दुधाला सर्वाधिक मागणी असते, नेमक्या त्याच दिवसांत म्हैस पान्हा चोरते, असा अनुभव आपणांस आला असेल. त्याचे कारण समजून घेतल्यास हे नुकसान बऱ्याच अंशी टाळता येते.

दूध का आटते?

धार काढताना कासेला स्पर्श होताच जनावराच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक मिसळते व पान्हा सुटतो. त्याचा परिणाम साधारण पाच ते सात मिनिटेच टिकतो. जनावर दचकले की ॲड्रिनॅलिन स्रवते आणि पान्हा अडतो. कासेत दूध शिल्लक राहिल्यास कासदाहाचा धोका वाढतो. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तर गाईला सुमारे ३५ हजार व कुत्र्याला सुमारे ४५ हजार हर्ट्झपर्यंतचा. म्हणून आपणांस साधी वाटणारी शिट्टीही त्यांना असह्य होऊ शकते.

गोठ्यात काय करावे?

१. नरकचतुर्दशीला पहाटे व लक्ष्मीपूजनाला सायंकाळी फटाके वाजतात. म्हणून आठवडाभर आधीपासून धारेची वेळ रोज थोडी थोडी अलीकडे आणावी. दोन धारांमधील अंतर मात्र बदलू नये.

२. रस्त्याकडील बाजूस गोणपाट लावावे, पण हवा खेळती ठेवावी. मंद दिवा चालू ठेवावा.

३. दावे फार आखूड नसावे. बुजलेल्या जनावरास फास बसतो. गाभण जनावरे आतल्या बाजूस बांधावीत.

४. जनावर दचकल्यास अर्धा तास थांबावे, कास कोमट पाण्याने धुवावी व नेहमीच्याच माणसाने धार काढावी. पान्ह्यासाठी इंजेक्शन मुळीच देऊ नये. जनावराच्या आरोग्यास अपायकारक असे इंजेक्शन देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

५. वसुबारसेला नैवेद्य घासभरच द्यावा. पुरणपोळी, भात जास्त झाल्यास पोटात आम्लता वाढून जनावर दगावू शकते.

६. याच सुमारास भाताची कापणी असते. पेंढ्याचे उडवे गोठ्यापासून दूर रचावेत व पाण्याची पिंपे भरून ठेवावीत.

राखणीचा कुत्रा

कुत्र्याला दिवेलागणीपूर्वी फिरवून आणावे व नंतर आतल्या खोलीत ठेवावे. साखळीने बांधू नये. गळपट्ट्यावर आपला दूरध्वनी क्रमांक लिहावा, कारण घाबरलेला कुत्रा लांबवर पळतो. तो थरथरत असल्यास रागावू नये. जवळ घेतल्याने भीती वाढत नाही. चॉकलेट व मनुका त्याला विषारी आहेत. माणसांची झोपेची गोळी कधीही देऊ नये.

शेजाऱ्यांशी बोला

ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ आहे. त्या वेळेत आवाजाचे फटाके वाजविता येत नाहीत. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांना दिवाळीपूर्वीच भेटून गोठ्याची जागा दाखवावी. दुधाचे ग्राहक बहुधा तेच असतात, त्यामुळे सांगितलेले पटते.

दुसऱ्या दिवशीही जनावर चारा खात नसेल, कास सुजली असेल किंवा गाभण जनावर अस्वस्थ असेल, तर वाट न पाहता जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.