जुन्या गाडीचं दार लोंबतंय? लॉक बदलण्याआधी बिजागरी बघा

बेळगाव : जुन्या फियाटचं किंवा जीपचं दार आपटल्याशिवाय लागेनासं झालं की मालक आधी लॉक बदलतात. पण बहुतेक वेळा खरं दुखणं बिजागरीत असतं.

हिशेब सोपा आहे. दार २० किलोचं, रुंदी १ मीटर आणि दोन बिजागऱ्यांत अंतर ३० सेंटीमीटर धरूया. दाराचं वजन मध्यावर पडतं. त्यामुळे वरची बिजागरी सुमारे ३३ किलोच्या जोराने बाहेर ओढली जाते, खालची तेवढ्याच जोराने आत दाबली जाते. अंतर ६० सेंटीमीटर केलं तर हा जोर निम्मा होतो.

मग कंपन्यांनी अंतर का वाढवलं नाही? दोन्ही पिना एका सरळ रेषेत लागतात, नाहीतर दार अडकतं. १९५०च्या दशकातल्या गाड्या गोलाकार. पत्र्याच्या बाकामागे बिजागरी लपवायची तर जागा थोडीच मिळते. पत्र्याच्या दारांच्या जीपमध्ये ती बाहेरच असते. दिसायला ओबडधोबड, धूळ-पाणी खाते, पण तेल घालायला आणि दार उतरवायला सोपी.

बाजूचाही प्रश्न

‘डुक्कर फियाट’च्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला होत्या. चढायला-उतरायला सोयीचं, पण चालत्या गाडीत लॉक सुटलं तर वारा दार उघडून टाकतो. बिजागरी पुढे असली की वारा दार दाबून धरतो. नंतरच्या ११०० डी आणि पद्मिनीत ती पुढेच आली.

खर्च कुठे वाचतो?

पत्रा दाबून केलेली बिजागरी हलकी. डाय महाग, पण हजारो नग काढले की स्वस्त पडते. ओतीव बिजागरी दणकट, पण जड आणि प्रत्येक नगाला मशिनिंग. बुश न घालता पैसे वाचवले तर पिन थेट भोकावर घासते आणि भोक अंडाकृती होतं. अशा भोकात नुसती नवी पिन घालून उपयोग नाही.

काय करावं?

दार अर्धं उघडून लॉकच्या टोकाकडून वर उचलून बघा. पिनेत हालचाल दिसली तर भोक रीमरने गोल करून गनमेटलचा बुश घाला. उद्यमबागेतल्या लेथवर हे काम होऊ शकतं. बुश पिनेपेक्षा मऊच हवा. झिजायचं ते बदलता येणाऱ्या वस्तूने झिजावं. वेल्डिंगने भोक भरताना उष्णतेने बिजागरी वाकू शकते, ते टाळलेलं बरं. आणि बिजागरीसकट खांबच हलत असेल, तर गंज आत पोचलाय. मग आधी पत्र्याचं काम, बुश नंतर.