वृक्ष, वीज आणि शेजारधर्म

सौंसरच्या माणसाला झाडाचे मोल सांगावयास नको. जामसावळीस मारुतीराय निजलेले आहेत ते पिंपळाखाली; पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास गोटमार होते ती जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाभोवती; आणि आमच्या मुलखाचे नाव दूरवर पोहोचले ते संत्र्याच्या बागांमुळे. इतके असूनही आपल्या दारापुढचे झाड कोण तोडतो, कसे तोडतो आणि कोणत्या अधिकाराने तोडतो, याचा विचार आपण बहुधा झाड पडल्यावरच करतो. आम्हीही त्यांतलेच. म्हणून आम्हांस जे उशिरा कळले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या गल्लीत एक जुना निंब आहे. वैशाखात त्याच्या सावलीत म्हाताऱ्या माणसांची बैठक असे, आणि कोणाकडे मयत झाली तर येणारी मंडळी तेथेच टेकत. एका उन्हाळ्यात मृगापूर्वीच्या लाईन-सफाईसाठी ठेकेदाराची माणसे आली. कोणास काही न सांगता त्यांनी तासाभरात निंबाचा सारा शेंडा उतरविला आणि फांद्या रस्त्यावर टाकून ती निघून गेली. पुरुषमंडळी कामावर होती. एका आजीबाईंनी हटकले, तेव्हा "वरून हुकूम आहे" एवढेच उत्तर मिळाले. कोणाचा हुकूम, हे शेवटपर्यंत कळले नाही.

राग येणे साहजिक होते. पण रागाच्या भरात दुसरी बाजू विसरणे बरे नव्हे. रस्ता ओलांडणारी घरगुती दाबाची तार जमिनीपासून किमान 5.8 मीटर आणि 11,000 व्होल्टची तार किमान 6.1 मीटर उंच असावी, असा नियम आहे. निंब तर सहज 15 मीटर वाढतो. तेव्हा तारेखाली लावलेला निंब एक ना एक दिवस तारेला भिडणारच. पावसात ओली फांदी उघड्या तारेला लागली की वीज झाडात उतरते; वादळात फांदी मोडली की तार तुटून रस्त्यावर पडते, आणि मग गुरे दगावतात, माणसेही दगावतात. भर पावसात रात्री खांबावर चढावे लागते ते लाईनमनलाच. तारेजवळची फांदी काढलीच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. आमच्या गल्लीतील एक झाड तर आमच्याच एका शेजाऱ्याने नेमके तारेखाली लावले होते, हेही कबूल केले पाहिजे.

मग चूक कोठे होते? ती कापण्याच्या रीतीत होते. अमेरिकेतील वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे चिरून पाहिली आणि 1970 नंतरच्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती आतून भिंत घालते आणि कुजका भाग कोंडून टाकते. फांदी खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. कड्याच्या लगत बाहेरून फांदी कापली तर ही भिंत नीट बसते. शेंडा मध्येच तोडला तर जखम उघडी राहून कूज आत शिरते. शिवाय तुटलेल्या टोकांवर धुमाऱ्यांचा झुबका फुटतो. हे धुमारे झपाट्याने वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. आमच्या निंबाचे असेच झाले. दुसऱ्या वर्षी धुमारे पुन्हा तारेपर्यंत पोहोचले, आणि पहिल्याच वादळात त्यांतला एक मोडून तारेवर पडला. म्हणजे सावली गेली ती गेली, आणि वीजही सांभाळली गेली नाही.

योग्य रीत अशी. तारेकडे जाणारी फांदी मागे एखाद्या जाड उपफांदीपर्यंत कापावी, म्हणजे पुढची वाढ तारेपासून दूर वळते. जड फांदीला प्रथम खालून खाच द्यावी, मग वरून कापावे, आणि उरलेला खुंट शेवटी कड्यालगत काढावा. एरवी फांदी पडताना खोडाची साल सोलून नेते. एका हंगामात हिरव्या पसाऱ्याच्या चौथाईहून अधिक काढू नये. जेथे बने तेथे उघड्या तारेऐवजी आवरण असलेली केबल टाकून घेण्याची मागणी करावी. तिच्यासाठी छाटणी पुष्कळ कमी लागते.

आता कायद्याविषयी. वीज अधिनियम 2003 च्या कलम 68 प्रमाणे एखादे झाड वीजवाहिनीस अडथळा करीत असेल, तर वीज पुरविणाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करावयाचा असतो, आणि त्या अधिकाऱ्याने झाडाविषयी निर्णय द्यावयाचा असतो. याच कलमात पुढे म्हटले आहे की, झाड आधीचे आणि तार नंतरची असेल तर झाडाच्या धन्याला वाजवी भरपाई द्यावी, व ती वीज पुरविणाऱ्याकडून वसूल करावी. बागाईतदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. झाडाच्या वयाचा पुरावा म्हणून जुने छायाचित्र जपून ठेवावे. घरच्या लग्नाच्या फोटोत मागे दिसणारे झाडही साक्ष देते. शहरी हद्दीत झाड समूळ तोडावयाचे तर मध्य प्रदेशाच्या 2001 च्या वृक्ष परिरक्षण अधिनियमाखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. तार तुटण्याचा धोका समोर उभा असेल तेव्हा मात्र कोणी कागद मागत बसू नये.

हे समजल्यावर आम्ही शेजारी पाराशी जमलो. पहिल्या बैठकीत नुसतीच भांडणे झाली. दुसऱ्या बैठकीत गल्लीतील झाडे मोजून यादी केली: कोणते तारेखाली, कोणते बाजूला, कोणते पोकळ. मग सर्वांच्या सह्यांचा अर्ज दिला. 1956 साली प्रांतरचना झाली तेव्हा नागपूर तिकडे गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी असली तरी कचेरीचा कागद हिंदीत चालतो. म्हणून अर्ज हिंदीत लिहिला, आणि पोच घेतली. मागणे तीनच होते: आधी सूचना द्यावी, कापण्यापूर्वी आमच्यासह झाडे पाहावीत, आणि फांद्या त्याच दिवशी उचलाव्यात. पुढील छाटणीच्या वेळी लाईनमन आमच्याबरोबर गल्लीभर फिरले आणि फांद्यांवर चुन्याच्या खुणा झाल्या. एक पोकळ झाड तोडण्यास आम्हीच संमती दिली. ते ज्यांच्या दारात होते त्यांना वाईट वाटले, आम्हांसही वाटले. पण शब्द द्यावयाचा तर दोन्ही बाजूंनी पाळावा लागतो.

याहून फार मोठ्या प्रमाणावर हाच धडा गोव्यात मिळाला. 400 किलोव्होल्टच्या वाहिनीसाठी मोलेच्या अभयारण्यातून नवी वाट तोडण्याचे घाटत होते. 2020 साली विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील आणि गावकरी त्याविरुद्ध एकत्र आले. जंगलात आधीच 220 किलोव्होल्टच्या वाहिनीची वाट असताना दुसरी कशाला, असा त्यांचा सवाल होता. एप्रिल 2021 मध्ये केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने जुन्याच मार्गाने वाहिनी न्यावी अशी शिफारस केली, आणि एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मानली. वीज नको असे न म्हणताही झाडे वाचविता येतात, ते असे.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच. मृगाची वाट न पाहता माघातच आपापल्या गल्लीतील झाडे पाहून ठेवा. तारेजवळ स्वतः कोयता चालवू नका. ते काम लाईन बंद करून लाईनमननेच करावे. तारेखाली नवे झाड लावाल तर लिंबू, डाळिंब, सीताफळ, कढीनिंब असे बुटके लावा. वड, पिंपळ, निंब यांना मोकळी जागा द्या. आमच्या निंबाला आता एका बाजूने पालवी आली आहे. पूर्वीची सावली आमच्या हयातीत परत येईल असे वाटत नाही. पण बैठक पुन्हा तेथेच भरू लागली आहे, आणि ऊन सरकेल तशी मंडळीही सरकून बसतात.