बंगल्याचा रंग आणि वणीचं ऊन

वणीत सध्या बैठ्या, आटोपशीर बंगल्यांसाठी गडद राखाडी रंगाची फॅशन आहे. चित्रात तो देखणा दिसतो. पण मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, तेव्हा हीच भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री खोलीत ओकते.

वणी साधारण 20 अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून 20 मेच्या आसपास भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. एकमजली घरात सर्वाधिक ऊन भिंतींवर नाही, स्लॅबवर पडतं. त्यामुळे पहिला रंग गच्चीला द्यावा आणि तो पांढराच असावा. ताजा चुना बरंच ऊन परतवतो. शेजारच्या तेलंगणानं तर 2023 मध्ये अशा थंड छतांसाठी धोरणच आणलं. आपल्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या असताना आपण मागे राहावं, हे मला खटकतं.

एक अडचण मात्र इथलीच. कोळसा खाणींची धूळ पांढऱ्यावर बसली की त्याचा गुण कमी होतो. उन्हाळ्याआधी गच्ची धुवायलाच हवी.

भिंतींत पश्चिमेची सर्वांत तापदायक, कारण तिच्यावर दुपारनंतर तिरपं ऊन येतं. तिला मलई किंवा फिकट पिवळी छटा द्या. न्हाणीघर, कोठीची खोली त्या बाजूला घ्या. राखाडी हवाच असेल, तर पोर्चच्या आतल्या, सावलीतल्या भिंतीला लावा. तिथे तो शोभतो आणि तापतही नाही.