अंटार्क्टिकात उतरलो, तर सज्दा कुठे करायचा?

अंटार्क्टिकाचा धडा शिकवताना मुलं आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात. तिथे बर्फावर जानमाज अंथरून नमाज पढता येईल का? मसला तसा सोपा आहे, जागा पाक असली की झालं. पण क्रूझने जाणाऱ्यांना किनाऱ्यावर आता बहुतेक ठिकाणी तसं करता येत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

ही जहाजं बहुतेक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला साधारण दोन दिवस लागतात. पुढे ना धक्का, ना जेट्टी. दहाएक जणांना रबरी मोटरबोटीत बसवून किनाऱ्याजवळ नेतात आणि बरेचदा गुडघाभर बूट घालून पाण्यातच उतरावं लागतं. चढता-उतरता बोटवाल्याचा पंजा नाही, मनगट धरायचं. ओला पंजा निसटतो.

त्याआधी जॅकेटचे खिसे, बॅगा, वेल्क्रो व्हॅक्युमने साफ करतात, कारण गवताचं एक बी सुद्धा तिथे रुजू शकतं. बूट जंतुनाशकात बुडवतात. सहल कंपन्यांच्या 1991 साली स्थापन झालेल्या संघटनेचा नियम असा की एका जागी एका वेळी 100 पेक्षा जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत. जहाजावर 500 पेक्षा जास्त प्रवासी असतील तर कुणालाच उतरता येत नाही. मोठ्या जहाजाचं तिकीट काढणाऱ्यांनी हे आधीच पाहून घ्यावं, नाहीतर लाखो रुपये देऊन डेकवरूनच सलाम करावा लागेल!

पेंग्विनपासून किमान 5 मीटर दूर राहायचं. बर्फात पाय रुतून खड्डा पडला तर तो बुजवायचा. पेंग्विन त्यात अडकला तर त्याला बाहेर येणं कठीण. खाणं सोबत न्यायचं नाही, इस्तिंजाही जहाजावरच. हज-उमराह करून आलेल्यांना हे नवं वाटणार नाही. हरममध्ये शिकार तर सोडाच, जनावराला हुसकावणंही मना आहे.

आता सज्द्याचं. फेब्रुवारी 2024 मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर स्कुआ पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला. हा रोग विष्ठेतून पसरतो. म्हणून प्राण्यांचा वावर असलेल्या जागी बसणं, गुडघे टेकणं, आडवं होणं, बॅग खाली ठेवणं, सगळं बंद. जमिनीला फक्त बूट लागायचे, कारण ते धुता येतात. जानमाज आणि कपाळ तसे धुऊन पुढच्या बेटावर नेता येत नाहीत.

यात नमाज कज़ा होण्याची भीती नाही. उतरणं दोन-तीन तासांचं असतं आणि तिथल्या उन्हाळ्यात ज़ोहरचा वक्त खूप लांब. कोकणातल्या शाफई घरांत सफरमध्ये ज़ोहर-असर जमा करण्याची सोयही आहे; हनफींनी आपापल्या वक्तावर पढावी. खरी अडचण इशा-फज्रची. डिसेंबरात सूर्य थोडा वेळ मावळतो, पण अंधार पडतच नाही. त्याचा मसला निघण्यापूर्वीच आपल्या आलिमांना विचारून लिहून न्यावा, जहाजावर विचारायला कुणी भेटणार नाही.