एड्सच्या पैशातून तापाचा दवाखाना

रवांडातल्या गावात आरोग्यसेवक वरून नेमून येत नाही, गावकरी तो आपल्यातूनच निवडतात. 2010 च्या दशकातल्या रचनेत एक बाई आणि एक पुरुष मिळून पाच वर्षांखालच्या मुलांचा ताप, जुलाब, न्यूमोनिया पाहत. तिसरी बाई फक्त गरोदर बायका आणि बाळंतिणींसाठी असे. कुपोषण पाहायला पोराच्या दंडाला रंगीत पट्टी गुंडाळायची आणि माप लाल पट्ट्यात आलं की आरोग्य केंद्रात धाडायचं. आपल्या अंगणवाडीताईंकडे असते तीच पट्टी. असे सुमारे 45,000 सेवक देशभर होते. पगार नाही. कामगिरीवर पैसा, तोही बराचसा त्यांच्या सहकारी संस्थेत जमा होणारा. आपल्या आशाताईंना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

गावातल्याच बाईच्या हाती औषधं द्यायची, हा विचार आपल्याकडे जुना आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी तो 1970 पासून राबवला.

पण रवांडाकडे आधी काय होतं? 1994 च्या वंशसंहारानंतर डॉक्टर मारले गेलेले किंवा परागंदा झालेले, दवाखाने लुटलेले. मग मदत आली, तीही नाव घालून. 2002 साली एड्स, क्षय आणि मलेरियासाठीचा जागतिक निधी उभा राहिला, 2003 मध्ये अमेरिकेचा 'पेपफार'. म्हणजे पैसा एचआयव्हीचा, आणि दारात उभी बाई मात्र पोराचा ताप घेऊन आलेली. तिला परत पाठवायचं का?

रवांडाने इथे जी चलाखी केली तिचं मला फार कौतुक वाटतं. 2005 मध्ये जागतिक निधीकडून मिळालेल्या अनुदानातून त्यांनी गरिबांची, अनाथांची आणि एचआयव्हीबाधितांची 'म्युच्युएल' या सामुदायिक आरोग्य विम्याची वर्गणी भरली. पुढे 2011 पासून वर्गणी ऐपतीप्रमाणे ठरली: अगदी गरिबाला काही नाही, मधल्यांना माणशी 3,000 रवांडन फ्रँक, वरच्यांना 7,000. पाच वर्षांखालचे बालमृत्यू 2005 च्या पाहणीत हजार जन्मांमागे 152 होते, 2014-15 च्या पाहणीत 50. हे सगळं विम्याचंच श्रेय नव्हे. लसी, मच्छरदाण्या, गावचे सेवक, सगळंच त्यात आलं. आणि ही शिस्त ज्या राजवटीची, तिथे विरोधकाला फारशी जागा नाही, हेही नजरेआड करू नये.

2012 साली आरोग्यमंत्री डॉ. अ‍ॅग्नेस बिनाग्वाहो यांनी आणखी ताणून धरलं. अमेरिकी विद्यापीठांनी आपले प्राध्यापक पाठवून रवांडाचे डॉक्टर-नर्स घडवायचे, पैसा आधी रवांडा सरकारच्या हाती यायचा, आणि विद्यापीठांनी व्यवस्थापन खर्च म्हणून 7 टक्क्यांवर घ्यायचा नाही. मदतीचा मोठा वाटा मदत करणाऱ्याच्याच कचेरीत मुरतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या सातचं मोल कळेल. योजना सात वर्षांची होती. तिला मिळणारा 'पेपफार'चा पैसा 2017 मध्येच थांबला.

त्याच काळातलं बुटारोचं रुग्णालय. उत्तरेच्या डोंगरात, बुरेरा जिल्ह्यात, जानेवारी 2011 मध्ये ते सुरू झालं. भिंती काळ्या ज्वालामुखी दगडाच्या. शेतकरी शेतीच्या आड येतो म्हणून जो बाजूला फेकायचे, तोच हा दगड. पाया यंत्राने नव्हे, गावकऱ्यांच्या कुदळींनी खणला, म्हणजे मजुरी गावात राहिली. व्हरांडे बाहेरच्या बाजूला ठेवले, क्षयरोग्याच्या खोकल्याची हवा कोंडू नये म्हणून. 'पार्टनर्स इन हेल्थ' या संस्थेचे पॉल फार्मर यांनी त्यासाठी खटपट केली, आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांना मरण आलं तेही बुटारोतच.

सप्टेंबर 2024 च्या अखेरीस रवांडात जीवघेणा मारबर्ग विषाणू उघडकीस आला. 66 जणांना लागण झाली, त्यातले बहुतेक रुग्णालयांतलेच कर्मचारी. 15 दगावले. यापूर्वीच्या मोठ्या साथींत आजारी पडलेल्यांतले बहुतेक गेले होते. इथे चौथाईपेक्षा कमी. प्रायोगिक लस काही दिवसांत अमेरिकेतून आली, ती टोचायला माणसं तयार होती. 20 डिसेंबरला साथ संपल्याचं जाहीर झालं. बरोबर एका महिन्याने, 20 जानेवारी 2025 ला, वॉशिंग्टनमध्ये परदेशी मदत गोठवण्याच्या आदेशावर सही झाली.